तिसरी चकती

“चोवीसपैकी किती, साहेब?”

मोजमाप खोलीच्या दारात जमिनीवर एक पिवळा पट्टा रंगवलेला होता. तो ओलांडायचा असेल तर बूट काढून पांढरा अंगरखा घालावा लागे. मार्तंड ओतारी पट्ट्याच्या बाहेर, चपलेचे टोकही त्याला लागणार नाही इतक्या अंतरावर उभे होते. गेले पंधरा दिवस ते रोज साडेचारला असेच येत आणि हाच प्रश्न विचारत.

“चोवीस,” मी म्हणालो.

“पास?”

“नापास.”

त्यांनी मान हलवली, पण ते गेले नाहीत. पुढे काय होणार हे त्यांना ठाऊक होते आणि तरीही ते ऐकायला थांबत. मी नाकारलेल्या चकत्या जाड कापडी पिशवीत घातल्या, पिशवीचे तोंड दोरीने बांधले आणि खणातल्या लाकडी हातोड्याने त्या फोडल्या. सिलिकॉन काचेसारखा फुटतो, पण आवाज काचेहून कोरडा असतो. भाजलेला पापड मुठीत चुरावा तसा. नाकारलेला माल निरीक्षकाने त्याच दिवशी स्वतःच्या हाताने फोडायचा, म्हणजे तो चुकूनही चांगल्या मालात मिसळत नाही, असा आमच्या विभागाचा नियम होता. तो मीच लिहिलेला होता.

“झालं?” ओतारी म्हणाले.

“झालं.”

“उद्या येतो.”

“उद्या येऊ नका, ओतारी. उद्यापासून पॉलिश बंद ठेवायला सांगितलंय.”

हे मी त्यांना नीट बसवून सांगायला हवे होते. मी ते रजिस्टरमध्ये आकडा लिहिता लिहिता सांगितले.

ही गोष्ट पंचाऐंशी सालची, दिवाळीच्या आधीच्या आठवड्यातली. नाशिकजवळ सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत आमचा कारखाना होता. रेल्वेच्या विजेच्या इंजिनांसाठी लागणारे मोठे डायोड आम्ही बनवत असू. अशा डायोडच्या पोटात दोन तांब्याच्या ठोकळ्यांमध्ये दाबून बसवलेली सिलिकॉनची एक चकती असते, जुन्या रुपयापेक्षा थोडी मोठी. ती सपाट नसेल तर तांबे तिला मधोमधच टेकते, सगळी वीज तेवढ्याच जागेतून धावते आणि चकती जळते. म्हणून तिचा सपाटपणा मोजायचा. चकती फिरत्या तबकडीवर घासून सपाट करणे, म्हणजे पॉलिश, हे ओतारींचे काम होते; सपाटपणा मोजणे हे माझे. शासकीय तंत्रनिकेतनातून पदविका घेऊन मी या कारखान्यात लागलो, त्याला तेव्हा अकरा वर्षे झाली होती.

मोजण्यासाठी त्या वर्षी बाहेरून एक यंत्र आले होते. त्याच्या वरच्या भागात, आटे असलेल्या एका कड्यात गोल जाड काच बसवलेली असे. तिला आम्ही मास्टर म्हणत असू. चकती मास्टरच्या खाली ठेवायची. लेझरचा प्रकाश काच आणि चकती यांच्या मधल्या फटीतून परतला की छोट्या पडद्यावर काळे-पांढरे पट्टे उमटत. वहीतल्या रेघांसारखे सरळ पट्टे आले, तर चकती सपाट. ते धनुष्यासारखे वाकले, तर चकतीला बाक. एका पट्ट्यापासून दुसऱ्या पट्ट्यापर्यंतचे अंतर म्हणजे मिलिमीटरचा सुमारे तीन हजारावा भाग. त्याच्या पाव हिश्श्याइतका बाक आम्ही चालवून घेत असू. ओतारींच्या चकत्यांना गेले पंधरा दिवस अर्ध्याहून किंचित जास्त येत होता.

कारखान्यातली मंडळी त्या यंत्राला टीव्ही म्हणत. “टीव्हीनं मामाला नापास केलं,” असे कॅन्टीनमध्ये बोलले जाई. ओतारींना सगळे मामा म्हणत. मी मात्र आडनावानेच हाक मारीत असे.

आमचे वर्क्स मॅनेजर श्री. खानविलकर यांनी त्या दिवशी सकाळीच मला बोलावले होते.

“म्हाताऱ्याचे डोळे गेलेत, सोनटक्के,” ते म्हणाले होते. “सरळ गोष्ट आहे.”

“त्रेपन्नचे आहेत, सर. म्हातारे नाहीत.”

“मग त्रेपन्नाव्या वर्षी गेलेत. चौदा वर्षं त्या फिरत्या तबकडीकडे बघितल्यावर कोणाचे राहतील? मी त्यांना काढत नाहीये. डॉक्टरांकडून नेत्रदोष म्हणून लिहून घेऊ, देणं-घेणं चुकतं करू, दिवाळीच्या आधी मानानं घरी पाठवू. मला फक्त तुमचा अहवाल हवा. दोष पॉलिशचा आहे, एवढं एक वाक्य.”

“कधीपर्यंत?”

“शनिवारी दहाला. आज बुधवार.”

मी होकार दिला. माझ्यापुढे आकडे होते आणि आकड्यांवर माझा विश्वास होता.

दुसऱ्या दिवशी पॉलिश बंद होते, तरी ओतारी साडेचारला पट्ट्यापाशी आलेच. हातात काही काम नसलेला कारागीर आपले हात कुठे ठेवायचे ते विसरतो. त्यांनी ते पाठीमागे धरले होते.

“साहेब, एक विचारू? रागवायचं नाही.”

“विचारा.”

“बाक किती येतो म्हणालात?”

“अर्ध्याहून थोडा जास्त.”

“पहिल्या दिवशी किती होता?”

मी रजिस्टर उघडले. “तेवढाच.”

“मधे मी कापड दोनदा बदललं. पावडर बदलली. तबकडी घासून घेतली. तेव्हा?”

“तेवढाच.”

“आणि सगळ्यांना एकाच बाजूला?”

“एकाच बाजूला.”

ते थोडे पुढे झुकले, पट्ट्यावरून आत. पाय मात्र बाहेरच होते.

“आमच्या घरात समया ओतायचे, साहेब. माझा आजा ओतायचा. एखाद्या समईला खड्डा आला तर आजा ओतणाऱ्याला शिव्या घालायचा. पण शंभर समयांना एकाच जागी, एकाच मापाचा खड्डा आला, तर शिव्या नाही घालायचा. गुपचूप उठायचा आणि साचा बघायचा.”

“म्हणजे?”

“माणूस चुकला तर वेगवेगळा चुकतो. आज जास्त, उद्या कमी. बायकोशी भांडून आला तर फारच जास्त.” ते हसले. मी हसलो नाही. “तीनशे वेळा एकसारखं चुकायला माणूस पुरत नाही, साहेब. त्याला साचाच लागतो.”

“साचा म्हणजे तुम्हाला यंत्र म्हणायचंय.”

“मी कशाला म्हणू? मी पट्ट्याच्या बाहेरचा माणूस.”

मला राग आला. यंत्राची तपासणी दर तीन महिन्यांनी करायची असे पुस्तिकेत लिहिलेले होते आणि मी ती ठरल्या तारखेला केलेली होती. पुढची तपासणी एक जानेवारीला होती. मी त्यांना रजिस्टर दाखवले. त्यांनी ते बघितले, वाचल्यासारखे केले आणि परत दिले.

“बरोबर आहे,” ते म्हणाले. “तुमची वही नेहमीच बरोबर असते.”

यात टोमणा होता की नव्हता, हे मला आजही ठरवता येत नाही.

ते गेल्यावर मी कपाटातून जुनी काच काढली. टीव्ही येण्यापूर्वी आम्ही ह्या काचेने तपासत असू: चकतीवर ती अलगद ठेवायची, वर सोडियमचा पिवळा दिवा लावायचा आणि पट्टे डोळ्यांनी मोजायचे. ती मी मास्टरखाली ठेवली. हाताच्या उबेने काच फुगते, म्हणून वीस मिनिटे थांबलो. मग पडदा लावला.

पट्टे वाकलेले होते. अर्ध्याहून किंचित जास्त.

पहिला विचार मनात आला तो असा, की जुनी काच खराब झाली असावी. तिने किती वर्षे, किती हातांनी मार खाल्लेला! तिच्या कडेला एक टवकाही उडालेला होता. दोन पृष्ठभाग एकमेकांशी जुळत नसले, तर त्यांपैकी कोणता वाकडा हे त्या दोघांकडून कळत नाही. आणि कधी कधी ते जुळले तरी काही कळत नाही, कारण एकाचा फुगवटा दुसऱ्याच्या खोलगटपणात चपखल बसतो.

तेव्हा मला आमच्या तंत्रनिकेतनातले ओक मास्तर आठवले. पहिल्या वर्षी त्यांनी आम्हाला कानशीने लोखंडाची एक सपाट पट्टी करायला लावली होती. मी दोन पट्ट्या एकमेकींवर घासून, निळा रंग लावून, अगदी जुळवून नेल्या. मास्तरांनी खणातून तिसरी काढली, दोन्हींवर टेकवून पाहिली आणि म्हणाले, “सोनटक्के, तुझ्या दोघी एकमेकींना सांभाळून घेतायत. तिसरी बोलाव, म्हणजे खरं बाहेर पडेल.”

तिसरी हवी होती. पॉलिश बंद होते. नाकारलेल्या सगळ्या चकत्या मी फोडल्या होत्या, आणि जुन्या पास झालेल्या चकत्या केव्हाच डायोडमध्ये जाऊन बसल्या होत्या. मी खोली बंद केली आणि बाहेर पडलो. सायकल स्टँडवर ओतारी हवा भरत होते.

“जुनी काचही वाकडी दिसतेय,” मी म्हणालो. का सांगितले ते ठाऊक नाही. “दोघींपैकी एक खोटं बोलतेय. कोण, ते कळायला तिसरी लागेल. आणि तिसरी नाही.”

त्यांनी पंप खाली ठेवला आणि माझ्याकडे बराच वेळ पाहिले.

“उद्या सकाळी किती वाजता येता?”

“सातला.”

“बरं,” ते म्हणाले आणि पुन्हा हवा भरू लागले.

शुक्रवारी सकाळी सातला ओतारी दारात उभे होते, पण पट्ट्याच्या आत. चपला बाहेर काढून ठेवलेल्या. खुंटीवरचा पांढरा अंगरखा त्यांनी न विचारता चढवला होता. बाह्या चार बोटे आखूड पडत होत्या.

“दार लावा, साहेब,” ते म्हणाले.

मी दार लावले. त्यांनी खिशातून चष्म्याची डबी काढली.

“तुम्हाला चष्मा आहे?”

“मला कशाला असेल? बायकोची डबी आहे.” त्यांनी ती उघडली. आत धुतलेल्या मलमलीची घडी होती आणि घडीत एक चकती. तिच्यात छतावरची ट्यूब लख्ख दिसत होती.

मी वाकून ती जवळून पाहिली.

“पाचव्या दिवशी माझ्या रजिस्टरात एक पॉलिशला फुटली म्हणून लिहिलंय,” ते म्हणाले. “ती ही. फुटली नव्हती.”

“तुम्ही घरी नेलीत?”

“नेली.”

“ओतारी, गेटबाहेर माल नेला तर काय होतं, माहीत आहे ना तुम्हाला? स्टोअरच्या माणसानं हातभर तांब्याची तार नेली होती, तर त्याच दिवशी घरी बसवला होता.”

“माहीत आहे. मी त्याला गेटपर्यंत सोडायला गेलो होतो.”

“मग कशाला नेलीत?”

त्यांनी चकतीकडे पाहिले. “तुम्ही रोज फोडायचात. म्हटलं, माझी चूक काय आहे ती बघायला एक तरी जिवंत राहू दे. घरी रोज संध्याकाळी देवापुढच्या समईच्या उजेडात धरून बघायचो. बायको म्हणायची, हिच्यात तोंड बघता की काय? मला तर तिच्यात काहीच दिसेना. आता मोजा. तुमच्या हातात दिली. पुढं तुमचं तुम्ही बघा.”

अर्ध्याहून थोडा जास्त बाक नुसत्या डोळ्याला दिसत नाही. समईच्या उजेडात तर मुळीच नाही. हे त्यांनाही ठाऊक होते आणि मलाही. तरी ते रोज बघत होते.

मी आधी चकती मास्टरखाली ठेवली. वीस मिनिटे थांबायचे होते. आम्ही दोघे दोन स्टुलांवर बसलो. त्या खोलीत ओतारी पहिल्यांदाच बसले होते.

“थंड आहे इथं,” ते म्हणाले.

“वीस अंश. कायम.”

“पॉलिशला पंखा मागून चार वर्षं झाली.”

“मी लिहून देतो.”

“द्या. तुमचं लिहिलेलं चालतं.”

वीस मिनिटे झाली. पडदा लावला. पट्टे वाकलेले, अर्ध्याहून किंचित जास्त. मी आकडा लिहिला. ओतारींनी मान खाली घातली.

“थांबा,” मी म्हणालो. “अजून एक जोडी राहिली.”

चकती टेबलावर ठेवली, तिच्यावर जुनी, टवका उडालेली काच अलगद सोडली आणि सोडियमचा दिवा लावला. खोलीतले सगळे रंग गेले. ओतारींचा चेहरा, माझे हात, रजिस्टर, सगळे एकाच पिवळ्या-करड्या रंगाचे झाले. पुन्हा वीस मिनिटे. पट्टे आधी हलत होते, तापमान बसू लागले तसे ते मंद झाले आणि मग स्थिर झाले.

मी वाकून पाहिले. ताठ झालो. पुन्हा वाकून पाहिले.

“सांगा की,” ओतारी म्हणाले.

“तुम्हीच बघा.”

त्यांनी वाकून पाहिले. “मला यातलं कळत नाही. पण वहीतल्या रेघा दिसतायत.”

“वहीतल्या रेघाच आहेत.”

चकती आणि जुनी काच एकमेकींशी जुळत होत्या. आणि दोघीही मास्टरशी, सारख्याच मापाने, एकाच बाजूला, जुळत नव्हत्या. त्या दोघींतली एक फुगीर आणि दुसरी खोलगट असती, तर मास्टरखाली दोघींचे आकडे वेगवेगळे आले असते. म्हणजे दोघी सपाट होत्या. वाकडी होती ती मास्टर.

मी खुर्चीत बसलो. दोन इंच जाडीची काच आपोआप वाकत नाही. तिला कोणीतरी वाकवावे लागते. मी यंत्राकडे पाहिले; काचेभोवतीच्या आटे असलेल्या कड्याकडे पाहिले; आणि मग मला खंडेनवमी आठवली.

दर वर्षी खंडेनवमीला आमच्याकडे सगळ्या यंत्रांची पूजा होत असे. लेथला, प्रेसला, भट्टीला हळदकुंकू, झेंडूची माळ, नारळ. त्या वर्षी टीव्ही नवा होता, तेव्हा त्याची पूजा झालीच पाहिजे असा सगळ्यांचा आग्रह पडला. मला धसका होता तो कुंकवाचा. एखादे बोट चुकून मास्टरला लागले तर? म्हणून पूजेच्या आधी, कोणी यायच्या आत, मी कडे फिरवून मास्टर काढली, कापसात गुंडाळली आणि कपाटात ठेवली. दसऱ्याची सुट्टी झाल्यावर ती परत बसवली आणि कडे आवळले. कारखान्यात आम्हाला पहिल्या दिवसापासून शिकवलेले असते: सैल ठेवू नका. मी चांगले घट्ट आवळले.

काच काढली तर नोंद करायची आणि परत बसवल्यावर तपासणी करायची, असे पुस्तिकेत स्पष्ट लिहिलेले होते. पण नोंदवहीत कारणांचे तीन रकाने होते: दुरुस्ती, सफाई, वाहतूक. पूजेसाठी रकाना नव्हता. म्हणून मी नोंद केली नाही. नोंद नव्हती म्हणून तपासणीची आठवण झाली नाही.

मी उठलो, कड्यावर चार बोटे ठेवली आणि ते उलटे फिरवले. जेमतेम पाव फेरा. मग चकती पुन्हा मास्टरखाली ठेवली आणि आम्ही पुन्हा वीस मिनिटे बसलो.

पडद्यावर पट्टे सरळ आले.

ओतारींनी ते पाहिले आणि हळूच हात जोडले. यंत्राला की चकतीला, कळले नाही.

“तुम्हाला माहीत होतं,” मी म्हणालो.

“काय?”

“मी काच काढली होती ते.”

त्यांनी नकार दिला नाही. “नारळ मीच फोडला होता ना त्या दिवशी. टीव्हीचा डोळा मोकळा दिसला. म्हटलं, साहेबांनी कुंकवाच्या भीतीनं काढून ठेवला. शहाणे आहेत. नंतर नापास व्हायला लागल्यावर तारखा जुळवून बघितल्या.”

“मग पंधरा दिवस गप्प का राहिलात?”

“मी सांगितलं असतं तर ऐकलं असतंत?”

मी चकती मास्टरखालून काढून परत मलमलीवर ठेवली.

“नसतं ऐकलं,” ते म्हणाले. “वही दाखवली असती. काचेनं सांगितलं ते बरं झालं. काचेवर तुम्ही रागवत नाही.”

बाहेर पहिल्या पाळीची घंटा झाली. ओतारींनी अंगरखा काढून खुंटीला लावला. दारापाशी ते थांबले. कोपऱ्यात फुटलेल्या सिलिकॉनचा पत्र्याचा डबा होता. तो महिन्याअखेरी वजन करून स्टोअरला परत जायचा. त्यांनी झाकण उचलून आत पाहिले.

“एकूण किती?”

मला आकडा पाठ होता. “तीनशे एकेचाळीस.”

“सगळ्या चांगल्या?”

“सगळ्या.”

त्यांनी झाकण परत ठेवले, आवाज होऊ न देता, आणि चपला घालून गेले. चकती माझ्या टेबलावर मलमलीवर तशीच होती.

मी त्या दिवशी दुपारभर अहवाल लिहिला. अहवाल लिहायला मला कधी तासापेक्षा जास्त लागत नसे. पहिला भाग लवकर झाला, तो जड असला तरी सोपा होता. काय घडले ते घडले त्या क्रमाने लिहायचे होते. अडलो मी दुसऱ्या भागात. तिथे तीन पृष्ठभागांची यादी द्यावी लागते आणि प्रत्येकापुढे तो कुठून आला ते लिहावे लागते. पहिला, यंत्रातली मास्टर. दुसरा, विभागातली जुनी काच. तिसरा…

तिसऱ्याशिवाय पहिले दोन निरर्थक होते. आणि तिसरा कुठून आला हे खरे लिहिले, तर ज्याचे डोळे शाबूत आहेत हे मी सिद्ध केले, तोच माणूस शनिवारीच गेटबाहेर.

रकाना मी रिकामा सोडू शकत नव्हतो. मी आयुष्यात एकही रकाना रिकामा सोडलेला नव्हता.

शनिवारी दहाला खानविलकरांनी अहवाल वाचला. एकदा सरळ, एकदा उलट्या बाजूने पाने चाळत. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“तुम्हाला कळतंय ना तुम्ही काय लिहिलंय? ‘संदर्भ-काच (मास्टर) निरीक्षकाने काढली, नोंद केली नाही, बसवताना कडे प्रमाणाबाहेर आवळले, त्यामुळे तीनशे एकेचाळीस चांगल्या चकत्या नाकारून फोडण्यात आल्या. पॉलिश विभागाचा दोष नाही.’”

“हो.”

“मी यंत्र बिघडलं म्हणून लिहिलं असतं. कोणी विचारलं नसतं.”

“यंत्र बिघडलेलं नव्हतं, सर.”

“ठीक आहे. हे तुमच्यासारखंच आहे.” त्यांनी पान उलटले. “हे मात्र नाही. ‘तिसरा पृष्ठभाग: नाकारलेल्या मालातून निरीक्षकाने न फोडता स्वतःजवळ राखून ठेवलेली एक चकती.’ तुम्ही? स्वतःचाच नियम मोडून?”

“हो.”

“आणि फोडल्याचा आकडा?”

“एकाने चुकीचा आहे. तेही खाली लिहिलंय.”

त्यांनी बाजूची एक फाइल ओढली. पॉलिश विभागाचे रजिस्टर. त्यांनी ते आधीच मागवून ठेवलेले होते. ते मॅनेजर उगीच झालेले नव्हते.

“ओतारींच्या हातून वर्षभरात पॉलिशला फुटलेली चकती एकच आहे. बरोबर या पंधरवड्यात. गंमत आहे, नाही?”

मी टेबलावरची अहवालाची पाने सरळ केली.

“सोनटक्के, तुम्ही कोरा रकानासुद्धा रेघ मारून बंद करता. हे वाक्य असंच ठेवायचंय?”

“असंच.”

खानविलकर खिडकीकडे पाहत राहिले. आवारात कोणीतरी आकाशकंदील टांगत होते. मग त्यांनी पेनचे टोपण काढले आणि सही केली.

“दोन मेमो मिळतील तुम्हाला,” ते म्हणाले. “एक कड्याचा आणि एक चकतीचा. नव्या युनिटच्या मुख्य निरीक्षकपदासाठी तुमचं नाव होतं, त्याचं मी आता काही करू शकणार नाही.”

“समजलं, सर.”

“आणि ओतारींना सांगा, सोमवारपासून पॉलिश सुरू. नाही, सोमवारी दिवाळी. सुट्टीनंतर.”

मी सांगायला गेलो तेव्हा ओतारी तबकडी पुसत होते. निम्मे त्यांना आधीच कळले होते. आमच्या कार्यालयात कारकून आणि शिपाई यांच्या मधल्या भिंतीला कान होतेच. ते हातातले कापड खाली न ठेवताच म्हणाले,

“साहेब, तिसरा खरा लागतो. तुम्हीच सांगितलंत. तुम्ही तिसऱ्याला खोटं बोलायला लावलंत.”

“चकतीला नाही लावलं, ओतारी. तिच्या पत्त्याला लावलं.”

त्यांना हसू आले नाही. ते तबकडी पुसत राहिले. पुसता पुसता म्हणाले, “माझ्यापायी तुमची वही बिघडली.”

“वही आधीच बिघडली होती. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी.”

मुख्य निरीक्षकपद दुसऱ्याला मिळाले. मी त्याच खोलीत आणखी बावीस वर्षे काम केले आणि त्या बावीस वर्षांत दुसरी खोटी नोंद केली नाही. ही एक मात्र मी नंतरही कधी दुरुस्त केली नाही. ओतारी अठ्ठावन्न पूर्ण होईपर्यंत पॉलिशला राहिले. आता ते नाहीत, खानविलकरही नाहीत, तो कारखानाही राहिला नाही. म्हणून हे लिहायला हरकत वाटत नाही.

पुढच्या वर्षीच्या खंडेनवमीला सकाळी मी नोंदवही उघडली, तिन्ही रकान्यांच्या पुढे पट्टी लावून चौथा रकाना आखला आणि त्यावर ‘पूजा’ असे लिहिले. मग कडे फिरवायला हात लावला.

“काढू नका, साहेब.”

ओतारी दारात उभे होते. एका हातात हळदकुंकवाचे ताट, दुसऱ्यात नारळ. चपला काढलेल्या होत्या, पण ते पट्ट्याच्या बाहेरच होते.

“कुंकू लागेल,” मी म्हणालो.

“लागणार नाही. मी इथूनच करतो.”

त्यांनी ताट जमिनीवर ठेवले, यंत्राच्या दिशेने तोंड केले आणि पिवळ्या पट्ट्यालाच हळदकुंकू वाहिले. वर एक झेंडूचे फूल. नारळ बाहेर जाऊन फोडला.

मी नोंदवहीत चौथ्या रकान्यात तारीख घातली आणि पुढे लिहिले: काच काढली नाही.